धीराचा हात

धरणाच्या पाण्यापलीकडच्या त्या खोऱ्यात आता माणसं थोडी आणि कुलपं फार झाली होती. उघडी राहणारी एक खोली तेवढी सरकारची. पांढऱ्या भिंती, मधे पलंग आणि छताला टांगलेले तीन यांत्रिक हात. दोन कामाचे, एक धीराचा. लोक तिला बाळंतखोली म्हणत. डॉक्टर, नर्स, आया असं कुणीच तिथं नसे.

त्या दुपारी तेजल ढेबे तिथं आली. नवरा मुंबईला, आणि पाण्यावर वारा सुटल्यानं लाँच बंद. शेजारच्या हौसाकाकूनं तिला दारापर्यंत आणलं. तिच्या केसांची, पदराची, पिशवीच्या बंदाचीसुद्धा गाठ सोडली. अडलेल्या बाईपाशी गाठ राहू नये, असा तिकडचा रिवाज. पण दार एकाच बाईला आत घेई. बाहेरचे जंतू नकोत म्हणून तसा नियमच होता. काकू ओसरीवर टेकली आणि दार मिटलं.

डोंगराच्या अल्याड, शहरातल्या केंद्रात, शकिला सिस्टरनं स्पर्शमोजे चढवले. तिनं इथं बोट हलवलं की तिकडं कामाच्या हाताचं बोट हले. तिकडं जे हाताला लागे, ते इथं तिच्या कातडीला कळे. ऊन, ओलं, ताणलेलं, सगळं. इतक्या वर्षांत शेकडो बाळं तिनं या मोज्यांनी झेलली होती. पण एकाही बाळाचा वास तिला ठाऊक नव्हता. संध्याकाळी घरी गेल्यावर मोकळे झालेले हात कुणाच्या पाठीवर ठेवावेत, असं त्या घरात कुणी उरलेलं नव्हतं.

"पाणमोट कधी फुटली गं?" समोरच्या पडद्यावरच्या तेजलला तिनं विचारलं.

"सकाळी. शेण काढत हुते."

"पाणी हिरवट होतं?"

"न्हाई. चांगलं सोच्छ."

शकिलानं पोट चाचपलं. बाळाचं डोकं खाली होतं. पोटावरच्या पट्ट्यातून त्याचे ठोके घोड्याच्या टापांसारखे येत होते. मग तिनं आतून तपासलं.

"पिशवीचं तोंड निम्मं उघडलंय. आत्ता जोर करायचा नाही. उठ, जरा चाल."

"कुठं चालू, सिस्टर? माझ्या कोंबड्यांचं खुराडं हिच्यापेक्षा ऐसपैस हाय."

शकिला हसली. "मग कोंबडीसारखी फिर."

तेजल फिरली, भिंत धरून वाकली, घोटघोट पाणी प्यायली. कळा जवळजवळ येऊ लागल्या, लांबू लागल्या. मग ती पलंगावर कुशीला झाली आणि तिनं धीराचा हात धरला. तो ऊबदार होता, मऊ होता. कळ आली की बोटं दाबी, सरली की कपाळावरून फिरे. हा हात यंत्र आपलं आपण चालवी. सिस्टरचे दोन्ही हात कामात गुंतलेले, तिसरा ती कुठून आणणार? पण बायांना हे सांगायची पद्धत नव्हती. कुणी विचारलं तर 'मी आहे ना' एवढंच म्हणायचं.

तेजलनं ते विचारलं.

"सिस्टर, ह्यो हात तुमचा हाय का?"

"मी आहे ना."

"तसं न्हवं. दर कळेला तेवढंच दाबतोय. माणसाचा हात दमतो, घामेजतो. ह्यो दमत न्हाई."

शकिलाला हो म्हणणं सोपं होतं. आजवर म्हटलंही होतं.

"नाही," ती म्हणाली. "तो माझा नाही."

तेजलनं तो हात सोडून दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. पुढची कळ तिनं चादर दातांत धरून काढली. बाळाचे ठोके चांगले होते. पण बाईचं अंग आक्रसून गेलं होतं, आणि पिशवीचं तोंड पुरतं उघडलं तरी ती जोर करीना.

"एकटीनं हुईत न्हाई मला," ती भिंतीला म्हणाली.

कामाचे हात इतक्या वर्षांत शकिलाचंच बघून शिकले होते. केंद्राशी जोडणारी तार तुटली तर त्यांनी एकट्यानं बाळंतपण करावं, अशी सोय होती. तार शाबूत असताना मात्र तसं करायची मनाई. शकिलानं बटण दाबलं. कामाचे हात त्यांच्या भरवशावर सोडले आणि स्वतःच्या उजव्या हाताचा मोजा धीराच्या हाताला जोडला. डावा तिनं मोकळा ठेवला, काही बिघडलं तर झडप घालायला.

"तेजल, आता धर."

तेजलनं धरला. बोटं चाचपली, मग अशी आवळली की शकिलाची हाडं कुरकुरली.

"दुखतंय व्हय?"

"दुखतंय. तू जोर कर. हनुवटी छातीला लाव. हां, तसंच. आता थांब, फुंकर घाल, फुंकर."

डोकं दिसू लागलं. कामाच्या हातांनी खालची कातडी फाटू नये म्हणून आधार दिला आणि डोक्यावर बोटं नुसती टेकवली. घाई नाही, ओढाताण नाही. शकिला अगदी अशीच थांबत असे. बाळाच्या मानेभोवती नाळेचा सैल वेढा होता. शकिलाचा डावा हात उचलला गेला, पण त्याआधीच तिकडच्या बोटांनी वेढा डोक्यावरून अलगद काढला होता. मग एक खांदा, दुसरा खांदा, आणि पाठोपाठ सगळं बाळ. मुलगी होती. पोर मोठ्यानं रडली.

हातांनी तिला पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथं घातलं. रक्तस्राव आवरणारी सुई टोचली. नाळेतले ठोके थांबले, तेव्हा चिमटे लावून ती कापली. पुढं वार पडली. ती पुरी आहे का, ते उलटून पाहिलं. पोट चोळून पिशवी घट्ट झाल्याची खात्री केली. शकिलाला कुठं म्हणून बोट घालावं लागलं नाही.

"नाकात पानी गेल्यासारखी शिंकतीय बघा," तेजल म्हणाली. "वास कसला येतोय हिचा. भिजल्या मातीत दूध सांडावं, तसा."

शकिलाचे डोळे भरले. मोज्यातून वास येत नव्हता.

कानात डॉक्टर निंबाळकरांचा आवाज आला. केंद्र त्यांच्याकडं होतं. "सिस्टर, कामाचे हात सोडलेत तुम्ही."

"हो, साहेब. कळवायचं ते वरती कळवा."

"कळवणारच. फार छान झालं. म्हणजे जमतंय त्यांना. आता एकेका सिस्टरला दहा खोल्या देता येतील."

"आणि धीराचा हात?"

"तो आपोआप चालतोच की."

शकिलासमोरच्या पडद्यावर दुसऱ्या खोऱ्यातली खोली उजळली. एक बाई आत येत होती, पोट सावरत. तिच्यामागं दार मिटलं. शकिलानं बोटं सैल केली, तशी तेजल डोळे मिटूनच म्हणाली, "सिस्टर, गेलात का?"

"नाही."

पडद्यावरची ती अनोळखी बाई पलंगावर बसली होती. छतावरून एक ऊबदार हात खाली आला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि वर बघून ती लाजल्यासारखी हसली.

हात कुणाचा, ते तिनं विचारलं नव्हतं. आणि तिनं कधीच विचारलं नाही, तर तिला सांगायचं कुणी?