मी बर्फच म्हणणार

"मग? त्या घरात कोण राहत होतं?"

आवाज चक्क छतातून आला. माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. वर पाहिलं तर छताची एक फळी बाजूला सरकलेली, आणि त्या चौकोनातून एक चेहरा माझ्याकडे बघत होता — उलटा, धुळीने माखलेला, आणि तरी अगदी निवांत!

"घाबरू नका, वायरमन आहे. सकाळपासून इथे आडवा पडून वायर ओढतोय. तुम्ही वाचायला लागलात, म्हणून ड्रिलसुद्धा बंद ठेवलं."

म्हणजे याने सगळं ऐकलं होतं... माझी कानशिलं तापली.

वाचनालयाच्या तळघरात मी फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. दिवसभर खळ, सुई-दोरा आणि मी. काम मला मनापासून आवडतं. त्यात बोलावं लागत नाही, हेही आवडण्याचं एक कारण होतंच. मी अडखळते, अगदी लहानपणापासून. त्यातून 'ब' आला की ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात.

आणि डिसेंबर लागला की टेबलावर नाताळच्या पुस्तकांचा ढीग येतो. मुलांनी वाचून वाचून पार खिळखिळी केलेली पुस्तकं... आणि पानोपानी बर्फ! आठ वर्षं ती मी शिवत आले, मोठ्याने वाचून मात्र दुसऱ्यांनी दाखवली. दरवर्षी चोवीस तारखेला बालविभागात मुलांसाठी नाताळची गोष्ट वाचतात. यंदा त्या यादीत मी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं होतं.

"उत्तर चोवीस तारखेला मिळेल," मी छताला सांगितलं. "चार वाजता. वर, मुलांच्या खोलीत."

"तोवर मी असा टांगलेलाच राहू?"

मला हसू आलं. मी ते पुस्तकामागे लपवलं.

घरी ताईला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "अगं, हजार पुस्तकं आहेत तुमच्याकडे! बर्फ नसलेलं एखादं घे. नाहीतर 'हिम' म्हण. मुलांना काय कळतंय?"

"मी ब... बर्फच म्हणणार."

शाळेत मला चिडवणाऱ्या पोरांना ताईने दप्तराने बडवलं होतं. तिची भीती कुठून येते, ते मला ठाऊक होतं. पण ती भीती आता तिची होती. मला ती आणखी किती वर्षं सांभाळायची होती?

रोज जेवणाच्या सुट्टीत मी वाचायला बसायचे. दुसऱ्या दिवसापासून वायरमन खाली उतरून, शिडीच्या पायरीवर डबा मांडीत घेऊन ऐकू लागला. बाहेर थंड भुरभुर चालू असायची. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे ओले बूट तेवढे दिसायचे. गोष्ट साधी होती — रस्त्यांवरचा बर्फ उपसणारा एक म्हातारा, आणि नाताळच्या सकाळी दूर टेकडीवरच्या घरात दिसलेला दिवा. त्या घरात कोण आहे, हे त्याला माहीत नाही. तरी तो फावडं घेऊन निघतो.

"एवढं तरी सांगा, बाई आहे की माणूस?"

"लाच देऊनही सांगणार नाही."

"अर्धं संत्रं?"

"अख्खं असतं, तर विचार केला असता."

त्याने अख्खं संत्रं सोलून पुढे केलं. मी ते खाल्लं आणि सांगितलं नाही. तो इतक्या मोकळेपणाने हसला, की त्या दुपारी माझा दोरा तीनदा सुईतून निसटला.

पाचव्या दिवशी मात्र बिनसलं. सातव्या पानावर मी अडले. "आणि समोर सगळीकडे ब... ब..."

"बर्फ!" तो म्हणाला.

मी पुस्तक मिटलं. "परत असं करायचं नाही."

"मला वाटलं, मदत—"

"मी पडले तर हात द्या. पण मी चालत असताना उचलून घेऊ नका. शब्द माझा आहे. उशिरा येईल, पण माझ्याच तोंडून येईल."

एवढं मी कुणाला, कधीच सुनावलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. डबा तसाच उघडा होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "घाई मला झाली होती, तुम्हाला नव्हती. पुन्हा नाही होणार... वाचता?"

मी वाचलं. पुढच्या 'ब'ला बराच वेळ लागला. तो हनुवटीवर मूठ ठेवून बसला. त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्या ओठांकडेही नाही. पाहिलं ते सरळ माझ्या डोळ्यांत... आणि माझं काळीज असं उडालं, की शब्द सापडूनही मी क्षणभर थांबले!

चोवीस तारखेला चार वाजता खोलीत चाळीसेक मुलं होती. मागे पालक होते, पर्स घट्ट धरून बसलेली ताई होती, आणि दाराशी, धुतलेल्या शर्टात, वायरमन.

पहिली दोन पानं बरी गेली. तिसऱ्यावर मी अडले. मागे कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी टुणकन उठून ओरडली, "बर्फ!"

ताईने डोळे मिटले. वायरमनने दोन्ही ओठ आत ओढून घेतले.

"शाब्बास," मी मुलीला म्हणाले. "पण थांब हं. आता माझी पाळी."

ती बसली. मी श्वास घेतला. पुस्तक हातातून सोडलं नाही.

"ब... ब... बर्फ."

त्यानंतर मी अकरा वेळा अडले. वीस मिनिटांची गोष्ट पाऊण तास चालली. एक आजोबा घोरायला लागले. मुलं मात्र सरकत सरकत पुढे आली होती. म्हाताऱ्याने टेकडीचा अर्धा रस्ता उपसला, तेव्हा पलीकडून खरवडल्याचा आवाज आला. त्या घरातली म्हातारी सकाळपासून त्याच्या दिशेने बर्फ उपसत निघाली होती! हे वाचून पुस्तक मिटलं, तेव्हा कुणीच हललं नाही. मग ती चिमुरडी म्हणाली, "परत वाच."

खोली रिकामी झाल्यावर मी व्हरांड्यात आले. वायरमन शिडीला दोरी गुंडाळत होता.

"इथलं काम संपलं," तो म्हणाला. "खरं तर चार दिवसांपूर्वीच. उद्याचा दिवस सुट्टी, परवापासून दुसऱ्या गावी. नवं हॉस्पिटल होतंय. तीन महिने तरी..."

"थांब," मी म्हणाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. "मला ब... ब..."

तो थांबला. खांद्यावरची हत्यारांची पिशवीसुद्धा खाली ठेवली.

"...बोलायचंय. तू मला आवडतोस. तीन महिन्यांनीही आवडशील. तुझं काय, ते आत्ताच सांग."

त्याने शिडी भिंतीला टेकवली. हात शर्टाला पुसले, आणि मग माझा हात हातात घेतला — खळीने खरखरीत झालेला, थंडगार हात.

"सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली गाडी आहे तिकडून," तो म्हणाला. "दर सुट्टीला. मी कालच विचारून आलो."

दारात ताई उभी होती. रडून तिचं नाक लाल झालं होतं. तिने आधी आमच्या हातांकडे पाहिलं, मग त्याला नखशिखान्त न्याहाळलं.

"हे कोण?"

"वायरमन," मी म्हणाले. "उद्या आपल्याकडे जेवायला येतोय."

"मला विचारलं का कुणी?" तो कुजबुजला.

"नाही," मी म्हणाले, आणि हात सोडला नाही.