ऐकणारी गाडी

धबधब्यावरून परत येईपर्यंत चौघंही नखशिखांत भिजली होती. गाडीत बसल्या बसल्या मृदुलाच्या सासूबाईंनी सगळ्यांची डोकी खसाखसा पुसली, दारातून हात बाहेर काढून टॉवेल पिळला आणि तो वाळत घालायला जागा शोधू लागल्या. छतातून खाली आलेली एक काळी, गुळगुळीत खुंटी त्यांना दिसली. टॉवेल तिच्यावर नीट पसरून त्या समाधानाने मागे टेकल्या.

"आई, गाडीत कसलं वाळवण?" हेरंब हसला.

"मग काय बोळा करून ठेवू? संध्याकाळी वास मारायला लागला की तूच नाक मुरडशील."

मृदुला खाली वाकून लेकीच्या, मुक्ताच्या, बुटांच्या भिजलेल्या नाड्यांशी झटत होती. तिने वर पाहिलं नाही.

गाडी आपली आपण निघाली. भाड्याच्या गाड्यांना चालक असण्याचे दिवस कधीच सरले होते. फाट्यावर मुख्य रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती. यांची गाडी मात्र डावीकडे, आंबेदरीच्या जुन्या घाटात वळली.

"नशीब बघा आपलं," हेरंब म्हणाला. "सगळा घाट आपल्या एकट्यांना!"

मृदुलाने मान वर केली. हा घाट चार दिवस बंद होता. बंद ठेवायचा निर्णय तिच्याच दरड-इशारा केंद्रातून गेला होता. ती काही बोलणार तोच ऐन उतारावर गाडी थांबली. पाणी निपटणाऱ्या पट्ट्या थांबल्या, पंखा थांबला. टपावर पडणाऱ्या पावसाशिवाय कसलाच आवाज उरला नाही.

"बिघडली?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मृदुला सावकाश म्हणाली. "ऐकतेय." तिने केंद्राला फोन लावला. "निसार, आंबेदरीत आत्ता कोण आहे?"

"एक श्रवणयान आहे, ताई. झकास ऐकतंय. उतार आतून सुटायला लागलाय. खालच्या वाडीला आत्ताच इशारा दिला."

"त्या गाडीत किती माणसं दाखवताय?"

"शून्य. म्हणून तर पाठवली."

"निसार, त्या गाडीत मी आहे. घरचे सगळे आहेत."

निसार गडबडला. "पण कक्षनेत्र..."

मृदुलाने वर पाहिलं आणि टॉवेल खसकन ओढला. त्याखालचं कक्षनेत्र, म्हणजे गाडीतली माणसं मोजणारा तो काळा डोळा, मिचमिचला. 'प्रवासी चार,' गाडी म्हणाली आणि अशी उसळून निघाली की सासूबाईंच्या मांडीवरचा लाडवांचा डबा घरंगळत मुक्ताच्या पायाशी गेला.

घाटमाथ्याच्या सपाटीवर, एसटीच्या जुन्या निवाऱ्यापाशी, गाडी थांबली.

"आता सांग," हेरंब म्हणाला. तो पूल बांधणारा अभियंता होता. त्याला धीर हवा असला की तो कारण विचारायचा.

"डोंगर कोसळण्याआधी आतल्या आत कुरकुरतो. ती कंपनं गाडीच्या चाकांतून कळतात. म्हणजे जिथून गाड्या जातात तिथलाच डोंगर आपल्याला ऐकू येतो."

"आणि धोक्याच्या रस्त्यावर तर तुम्ही गाड्या सोडत नाही. मग तिथलं कळणार कसं?"

"म्हणून तिथे रिकामी गाडी पाठवतो. धोका ऐकू आला की माणसांची गाडी पळ काढते. श्रवणयान तिथेच थांबून आणखी ऐकतं."

"आमची वजनं नाही कळली तिला?"

"लोक मध्येच उतरतात आणि सामान पुढे पाठवतात. वजन सामानाचंही असतं."

"आणि मघापासून आम्ही बडबडतोय ते?"

"माणसांचं आपसातलं बोलणं गाडीने ऐकू नये, असा नियम मीच घातला होता. चाचणीच्या गाड्यांत कधी कोणी काही वाळत घातलं नव्हतं."

सासूबाई टॉवेलकडे बघत होत्या. "माझ्या हाताने पोरीला दरडीखाली नेऊन ठेवलं गं मी."

"नाही, आई. डोळा झाकला जाईल हे मला सुचायला हवं होतं."

"अगं, पण परक्याच्या दारात गेलो तरी आपण आधी हाक मारतो. नुसतं डोकावून कोणी आत शिरतं का? तुझ्या गाडीला हाक मारता येत नाही?"

मृदुला त्यांच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात निसारचा आवाज आला. "ताई, तुम्ही निघालात आणि ऐकणं तुटलं. वाडीतली माणसं शाळेत न्यायची की देवळात? उतार कुठल्या अंगाला येतोय तेच कळेना. दुसरी रिकामी गाडी पोचेपर्यंत वेळ जाईल."

कोणी काही बोलण्याआधी सासूबाईंनी दार उघडलं. "चला, उतरा. मुक्ता, डबा घे."

"थांबा," मृदुला म्हणाली. "निसार, नियम बदल. कुठलीही गाडी रिकामी धरण्याआधी तिने आत हाक मारायची. आणि तेवढ्यापुरतं उत्तर ऐकायचं. सगळ्या श्रवणयानांना आत्ताच कळव."

चौघं निवाऱ्यात जाऊन उभी राहिली. गाडीचं दार मिटलं. भिजलेल्या काचेतून आवाज आला, "आत कोणी आहे का?"

मुक्ताने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हेरंबने हळूच तिच्या तोंडावर हात ठेवला.

गाडीने वाट पाहिली. मग ती वळली आणि पुन्हा घाट उतरू लागली.

थोड्या वेळाने निसारचा फोन आला. उतार शाळेच्या अंगाला येत होता. माणसं देवळाकडे निघाली होती. ती पोचल्याचा निरोप आला आणि त्यामागोमाग पायाखालची फरशी थरथरली. मग खालून, एखादं जड जातं फिरावं तसा, दीर्घ आवाज आला.

"गेली का गं गाडी?" मुक्ताने विचारलं.

"गेली," मृदुला म्हणाली. फोन अजून चालूच होता. निसार काहीतरी सांगत होता, अडखळत. ती ऐकत राहिली आणि हळूहळू निवाऱ्याच्या बाकावर बसली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळ्या रिकाम्या गाड्यांनी एकदम हाक मारली, आई. कुंभारखिंडीत एक गाडी नुकतीच ऐकायला थांबली होती. तिच्यातून उत्तर आलं. आम्ही आहोत, म्हणून."

"अगं बाई! पळाली ना ती?"

"पळाली. सुखरूप आहेत सगळे."

"त्यांनीही टॉवेल घातला होता?"

"दुपटी," मृदुला म्हणाली. "तान्ह्या बाळाची."

सासूबाईंनी हातातल्या ओल्या टॉवेलाची घडी घातली.

"आता पावसात दुपटी कुठे वाळवणार बिचारी," त्या म्हणाल्या.