हॉगेटवरची तिसरी खुंटी

“अहो... अहो, बाजूला व्हा ना!”

रेविन ओरडली खरी. पण चढत्या दोरीला लागलेला माणूस बाजूला होणार तरी कुठे? एकीकडे खांबांची रांग, दुसरीकडे गुडघाभर भुसभुशीत बर्फ. ती आपली पाय झाडत मागे घसरतेय, आणि खालून वर येणारा तो लाल टोपीवाला तिच्याकडे टकामका बघतोय. धप्प! दोघंही आडवी. तिची एक स्की त्याच्या पोटावर, दुसरी कुठे गेली देव जाणे.

“लागलं का हो?” तिनं घाबरत विचारलं.

“मला? छे. टोपीच्या अब्रूला थोडंसं.” त्यानं नाकावरचा बर्फ पुसला आणि तिच्या कमरेकडे बोट केलं. “हा पितळेचा अडकित्ता... सिरिल मास्तरांचा ना? म्हणजे तू त्यांची रेविन. मी फर्गस. तुझ्या बाबांचं इंजिन हल्ली मी सांभाळतो.”

१९६८ चा जुलै होता तो, म्हणजे दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. हॉगेटची दोरी नुसत्या हातानं धरून कोणी वर गेलेलं नाही. आधी ती हातमोज्यात दाबून धरायची, अंगाला वेग आला की पट्ट्याला बांधलेला धातूचा चिमटा तिच्यावर टाकून मिटायचा. त्यालाच सगळे अडकित्ता म्हणत. क्षणभर चुकलात की गेलात मागच्याच्या अंगावर! रेविन सात वर्षांनी आली होती. वडील गेल्यापासून तिच्या आईनं या डोंगराचं नावच टाकलं होतं. आता बावीस वर्षांची, खालच्या गावातल्या शाळेत मास्तरीण झालेली रेविन आपली आपण आली, आणि पहिल्याच फेरीत ही फजिती.

तसं हॉगेट म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हतं. एक उतार, एक दोरी, एक झोपडी. दोरी ओढायला गावातल्या बारा जणांनी १९४९ साली एका भंगार ट्रकचं इंजिन सुटं केलं आणि पाठीवर वाहून वर नेलं. ते खाली ठेवायचं की माथ्यावर, यावर म्हणे तीन महिने भांडणं चालली. सिरिल मास्तर हट्टाला पेटले. वर म्हणजे वर! दोरी बंदरातल्या जहाजाची, झोपडीच्या फळ्या रेल्वेच्या पाडलेल्या गुदामाच्या. पगारी माणूस एकही नाही. उन्हाळ्यात पाच रविवार फावडं चालवलं की झोपडीच्या भिंतीवर आपल्या नावाची खुंटी मिळायची. तापल्या सळईनं तिच्यावर नाव उमटवायचं आणि आपला पट्टा तिथंच टांगायचा. खुंट्या मोजक्या, म्हणून नवरा-बायकोला मिळून एकच. त्यातून रिवाजच पडून गेला... कुणी दुसऱ्याच्या खुंटीवर आपला पट्टा टांगला, की लग्न ठरलं समजायचं. झोपडीतली चूल सांभाळणाऱ्या डोरीन आंटीनं आपल्या नवऱ्याला, लेसला, असंच गाठलं होतं, सगळ्यांच्या देखत.

रेविनला हे काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण त्या दुपारी ती कुडकुडत आत आली, चष्म्यावर वाफ धरलेली, आणि लहानपणीच्या सवयीनं दारापासून तिसऱ्या खुंटीवर पट्टा टांगून मोकळी झाली. बाबांची खुंटी दारापासून तिसरी. पण मधल्या वर्षांत वाऱ्याच्या तोंडावरचं दार या मंडळींनी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं होतं, हे तिला कोण सांगणार?

झोपडीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. मग चमचे काय वाजायला लागले, शिट्ट्या काय!

“अगं पोरी, सकाळी पाडलंस आणि दुपारी पटकावलंस?” डोरीन आंटी रश्श्याचा डाव हातात धरून हसत सुटली.

रेविननं चष्मा पुसला. खुंटीवर नाव होतं... फर्गस. तिला धरणी दुभंगली तर बरं असं झालं. फर्गसनं मात्र उठून पट्टा हळूच काढला आणि तिच्या हातात दिला.

“थोडी घाई होतेय, नाही? निदान चहा तरी होऊ दे.”

“चूक झाली माझी,” ती पुटपुटली.

“हो ना. मलाही तेवढंच वाईट वाटलं.” त्याच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

मग काय, दर रविवारी चहा होऊ लागला. डोरीन आंटीचे गरम स्कोन, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, त्यावर जॅम, आणि थट्टा. बाहेर बर्फ भुरभुरत असायचा, आत ओल्या लोकरीचा वास. फर्गसच्या बोटांना कायम इंजिनाचं तेल, आणि रेविनला तो वास आवडायला लागला होता. ते तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

“तू दोरीला लागलीस की मला वर बसल्या बसल्या कळतं,” एकदा तो म्हणाला.

“हो का? म्हणजे मी जाडी आहे म्हणायचंय?”

“तसं नाही गं! तू अडकित्ता उशिरा टाकतेस. दोरीला दोन झटके बसतात. बाकी सगळ्यांना इंजिन एकदा खोकतं, तुला दोनदा.”

“बाबांचं इंजिन आहे. लाड करतं माझे.”

“ते एकटंच करतं होय?”

रेविन उगाचच किटलीत डोकावून बसली.

सप्टेंबर लागला. बर्फ मऊ पडू लागला, ओढ्याला पाणी आलं. फर्गस स्कोनवर जॅम फासता फासता म्हणाला, “कॅनडाहून पत्र आलंय. मोठा डोंगर, बसून वर जायच्या खुर्च्यांची दोरी. कामाला बोलावतायत.”

तिच्या हातातला स्कोन बशीत पडला. पण अंगातला तोरा कुठे जातो? “मग जा की. कुणी धरून ठेवलंय?”

“तेच बघतोय... कुणी धरतंय का.” तो थांबला. “हंगामाच्या शेवटच्या रविवारी चारला मी इंजिन बंद करायला वर जाईन. जाताना माझ्या खुंटीकडे एकदा बघीन. तुझा पट्टा दिसला तर कॅनडाला नकार. नाही दिसला तर सोमवारच्या बोटीनं निघेन, पुन्हा हा विषय नाही. मात्र या वेळी चुकून नको हं, रेविन... मुद्दाम हवा.”

शेवटचा रविवार उजाडला. रेविन सबंध दिवस पट्टा हातात घेऊन फिरत होती. पण झोपडी माणसांनी गच्च! पुन्हा ते चमचे, पुन्हा त्या शिट्ट्या... तिचा हात काही वर जाईना. जरा गर्दी ओसरू दे, मग टांगू. एवढा चहा ओतून होऊ दे, मग टांगू. तेवढ्यात दार उघडलं. फर्गस आत आला, त्यानं खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी. त्यानं टोपी कानांवर ओढली आणि तो निघून गेला. किटली हातात घेऊन रेविन बघत राहिली.

“अगं, अशी खांबासारखी उभी काय राहिलीस?” डोरीन आंटीनं तिच्या हातातली किटली हिसकावली. “दोरी अजून चालू आहे!”

रेविन धावली. स्की कशा अडकवल्या, तिचं तिलाच आठवत नाही. वर, फार वर, लाल टोपी इंजिनाच्या खोलीत शिरताना दिसली. आता त्यानं बटण दाबलं की संपलं... दोरी थांबणार, आणि सोमवारी बोट. तिनं दोरी दाबून धरली. अडकित्ता टाकला आणि अर्थातच उशिरा टाकला! दोन झटके बसले. तिचे डोळे भरून आले. इंजिन थांबतंय की काय, म्हणून ती जीव मुठीत धरून ऐकत राहिली.

इंजिन थांबलं नाही.

माथ्यावर तो दारातच उभा होता. तिला काही वेळेवर सुटता आलं नाही. ती सरळ जाऊन त्याच्यावर आदळली. उठायच्या आधीच तिनं कमरेचा पट्टा सोडला आणि त्याच्या गळ्यात घातला.

“खुंटीवर... टांगायला जमलं नाही. लाज वाटली. म्हणून तुलाच टांगतेय. मला तू आवडतोस, फर्गस. जाऊ नकोस.”

त्यानं गळ्यातला पट्टा नीट केला. “बटणावर हात होता माझा,” तो हलकेच म्हणाला. “मग ते दोनदा खोकलं.”

त्या उन्हाळ्यात तिसऱ्या खुंटीवर आणखी एक नाव उमटलं.

मग वर्षं गेली, कशी गेली ते कळलं नाही. त्यांच्या मुली याच उतारावर पडत-धडपडत शिकल्या. डोरीन आंटी गेली, लेस गेला. बर्फ दर वर्षी थोडा थोडा वर सरकत गेला आणि तरुण मंडळी मोठ्या डोंगरांकडे. २०१३ च्या हिवाळ्यात सभासदांनी जड मनानं हात वर केले. हॉगेट बंद. ज्यानं त्यानं आपापली खुंटी घरी न्यावी.

शेवटच्या दिवशी इंजिन बंद करायचा मान फर्गसला दिला. सगळी मंडळी माथ्यावर जमली. तरुण चिटणीस म्हणाला, “चार वाजले, फर्गस. सगळे वर आलेत.”

फर्गसच्या कानात आता यंत्र असायचं. घरी रेविननं तीनदा हाक मारली तरी त्याला ऐकू जात नसे. त्यानं मान तिरकी केली. इंजिन खोकलं. आणि पुन्हा एकदा खोकलं.

“थांब रे,” तो म्हणाला. “एक जण अजून दोरीवर आहे.”

खाली रेविन दोरीला लागली होती. सदुसष्ट वर्षांची, कमरेला तोच पितळेचा अडकित्ता. गुडघे कुरकुरत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, थंडीचंच असेल. एकेक खांब मागे पडत होता. बाबांनी गाडलेला, लेसनं सरळ केलेला, फर्गसनं रंगवलेला. माथा जवळ आला, तशी तिला लाल टोपी दिसली, बरोबर वाटेत उभी.

“अहो!” ती ओरडली. “अहो, बाजूला व्हा ना!”

फर्गस काही बाजूला झाला नाही.

दोघं बर्फात पडून हसत होती. इंजिन चालूच होतं. बंद करायला कुणी उठलंच नाही.