एकच जागा उरलीय

खुर्च्या जरा जवळ ओढा, पोरांनो. वारा समुद्राकडून येतोय आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही. उद्या नऊला फाटक उघडेल, माणसं येतील, गाड्यांपाशी उभी राहून फोटो काढतील. पण आज रात्री तुमच्यातलं कुणी म्हणणार असेल, की आम्ही आपली कॅरव्हान कड्याजवळ नेऊन लावतो, तिथून समुद्र छान दिसतो, तर त्यानं आधी हे ऐकून घ्यावं.

डेस्मंड एकस्टर. तुमच्यातल्या काहींनी त्याला पाहिलंय. हॅलिफॅक्सचा. बस डेपोत सदतीस वर्षं मेकॅनिक होता. उंच, पाठीत वाकलेला, उजव्या कानानं जवळजवळ बहिरा. गोष्ट रचायला लागते ती हुशारी त्याच्याकडे नाही, आणि त्याच्या मोठ्या बहिणीला, हिलरीला, खोटं बोलायचाच कंटाळा. दोघांनी हे वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं आहे. दोन्हीत काडीचा फरक नाही.

त्यांच्याकडे वडिलांची काळी मोटार होती, १९५४ची, आणि तिच्यामागे जोडायची हिरवी-पांढरी कॅरव्हान. दोन बाकं, एक शेगडी, हिलरीनं शिवलेले पडदे, एवढाच संसार. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीला ही वरात घेऊन दोघं बहीणभाऊ किनाऱ्यावर स्केलबीच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्याला यायची. एकतीस वर्षं. गेली दहा वर्षं डेस्मंड म्हणत होता, की आता पुरे, पुढच्या वर्षी नको. हिलरी म्हणायची, "बरं." आणि पुढच्या वर्षी जुलै लागला की पडदे धुवायला काढायची.

त्या वर्षी निघाले ते शुक्रवारी, २६ ऑगस्ट २०२२ला. सकाळी दहा वाजता. नव्वद मैलांचा रस्ता. संध्याकाळी आठच्या आत मैदानात गाडी लावायची, आठला फाटक बंद. वेळ भरपूर होता.

पण सोमवारची सुट्टी जोडून आली होती. सगळं यॉर्कशर समुद्राकडे निघालेलं. मागे अर्धा मैल गाड्यांची रांग, त्यांचे हॉर्न, आणि पुढे तासाला तीस मैलांनी चाललेली ही म्हातारी. टेकड्यांच्या चढावर मोटार तापली. थांबले, दोन तास थंड होऊ दिली, पाणी घातलं, निघाले. परत तापली. तिसऱ्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डेस्मंडच्या दोन्ही हातांना चटके बसले होते.

"तू एकोणसत्तर, ती अडुसष्ट," हिलरी थर्मासमधला शेवटचा चहा ओतत म्हणाली. "दोघांनाही चढ झेपत नाही."

"मग ढकल की."

"कुणाला? तुला की तिला?"

तो हसला नाही. एरवी हसला असता. बॉनेट बंद करून त्यावरच हात टेकून तो उभा राहिला. "हिल, मी खरंच दमलोय गं," तो म्हणाला. हिलरीनं उरलेलं अंड्याचं सँडविच त्याच्या हातात ठेवलं.

स्केलबीच्या फाटकाशी पोचले तेव्हा रात्रीचे अकराला दहा कमी होते. फाटकाला साखळी. आत तंबू, गाड्या, सगळं झोपलेलं. आयोजकांचा फोन लागेना. डेस्मंडनं दोनदा हॉर्न वाजवला, तर कुठूनतरी कुणीतरी शिवी दिली.

"चल, पुढे रस्त्याकडेला कुठेतरी लावू," हिलरी म्हणाली. "सकाळी लवकर येऊ."

"जिथे चाक थांबेल तिथे झोपायचं. बस."

किनाऱ्याचा तो अरुंद रस्ता. तुम्ही दिवसा पाहिलाय. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, वळणावर वळणं, आणि एवढं लांबलचक धूड लावायला जागा म्हणून कुठे नाही. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती, त्यामुळे चंद्राचा पत्ता नव्हता. मोटारीचे दिवे म्हणजे जुने, पिवळे. त्यांच्या उजेडात पुढची दहा पावलं दिसायची. दोन मैल गेले असतील, आणि डावीकडच्या झुडपात फट दिसली. त्या फटीत एक माणूस उभा होता. हातात कंदील.

त्यानं कंदील वर-खाली हलवला. या, या.

हिलरीनं आपल्या बाजूची काच खाली केली. माणूस साठीचा असावा. लांब कोट, कपाळावर ओढलेली टोपी. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं.

"उशीर केलात," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नुसता शीण.

"गाडी तापली," डेस्मंड म्हणाला. "तुम्ही मेळ्याचे का?"

"एकच जागा उरलीय. तुमचीच. या माझ्या मागे."

"देव पावला," हिलरी पुटपुटली.

तो पुढे चालू लागला. कंदील त्याच्या गुडघ्याशी झुलत होता. मोटार पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागोमाग. रस्ता खडीचा होता, मग मातीचा झाला, मग नुसतं गवत. डेस्मंडची नजर त्या झुलत्या उजेडावर खिळलेली. झोप येत असताना असा एक ठिपका मिळाला की माणूस दुसरीकडे बघत नाही. तोही बघत नव्हता.

हिलरी बघत होती.

"डेस, बाकीच्या गाड्या कुठायत?"

त्यानं काचेतून तेच विचारलं. कंदीलवाला मागे न वळता म्हणाला, "झोपले सगळे. तुम्ही शेवटचे."

मग तो थांबला. हातानं खूण केली. गाडी वळवून घ्या, आता मागे घ्यायची. डेस्मंडनं मोठा वळसा घेतला आणि मोटारीचं तोंड आल्या वाटेकडे केलं. आता कॅरव्हानची पाठ समुद्राकडे. कंदीलवाला तिच्या मागे गेला.

"मी उतरते. बाजूनं बघते," हिलरी म्हणाली.

"अगं, तो आहे ना."

"आहे. तरी बघते."

ती उतरली. अंधारात चाचपडत कॅरव्हानच्या कडेनं मागे निघाली. डेस्मंडनं रिव्हर्स टाकला, मान वळवून बाजूच्या आरशात पाहिलं. आरशात फक्त कंदील.

"या..." आवाज आला. "या... या... जरा डावीकडे... हां... या..."

शांत आवाज. सरावलेला. हजारदा हेच म्हटलेल्या माणसाचा. डेस्मंड मला म्हणाला, "इतका धीर देणारा आवाज होता, की मी डोळे मिटूनसुद्धा गाडी मागे घेतली असती."

जमीन हलकेच मागे उतरत होती. गाडी आपसूक जात होती.

"लांबून आलात?" कंदीलवाल्यानं विचारलं.

"हॅलिफॅक्स," हिलरी म्हणाली.

"दमला असाल. मीपण दमलोय. कधीचा उभा आहे..." तो थोडा थांबला. "तुम्ही लागलात की मी सुटलो. या... या..."

हिलरीला समुद्र ऐकू येत होता. तो यायचाच. पण समोरून येत नव्हता. पायाखालून येत होता.

तिनं खिशातून मोबाइल काढला. त्याचा दिवा लावला. जमिनीवर धरला.

गवत. गवत. मग एक ओठ, तुटलेल्या मातीचा. मग काही नाही.

आणि त्या काही नाहीच्या पलीकडे, चार पावलांवर, कंदील. अगदी तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर. जसा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावा तसा.

"या... अजून दोन फूट..."

ती ओरडली नाही. तिला वाटलं, ओरडले तर याचा उजवा कान बहिरा, याला नीट कळायचं नाही, आणि दचकून पाय कुठे पडेल कोण जाणे. ती धावली. कॅरव्हानला एक हात लावून धावली. डावीकडचं दार उघडलं, आत बसली, आणि हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला.

"ब्रेकवरचा पाय उचलू नकोस," ती म्हणाली. "इंजिन चालू ठेव. पुढे घे."

"अगं, दोन फूट म्हणतोय तो..."

"डेस. मागे जमीन नाहीये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. बहात्तर वर्षांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना दमात घेतलेली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

त्यानं पहिला गिअर टाकला. क्लच सोडला. इंजिनानं एक हिसका दिला आणि बंद पडलं. दिवसभर तापलेलं ते. किल्ली फिरवली. नाही. पुन्हा. नाही.

शांतता.

"काय झालं?" मागून आवाज आला. "या ना. थोडंच राहिलंय."

हिलरीनं हँडब्रेक आणखी वर ओढला.

"या ना..."

गाडी एक बोटभर मागे सरकली. थांबली. डेस्मंडनं ब्रेकवर दुसराही पाय ठेवला.

"तू उतर," तो कुजबुजला.

"गप बस."

"हिल, नुसता हँडब्रेक पुरायचा नाही. मी पाय काढला तर ती जाईल. तू उतर. रस्त्याकडे जा."

"आणि तुला इथे सोडू? एकतीस वर्षं मी तुला यायला लावलं. बस गप."

तिनं आपला पायही त्याच्या पायावर ठेवला. तिरकं बसून. तसंच.

आरशात कंदील होता. हलत नव्हता.

बऱ्याच वेळानं आवाज आला. अगदी हळू.

"मलापण झोपायचंय हो..."

हिलरी सांगते, की आधी भीती वाटली नाही. तेव्हा तिला त्याची दया आली. आणि दया आली म्हणून भीती वाटली.

कंदील हलला. कॅरव्हानच्या कडेनं पुढे आला. खाली बसला. आणि मग...

कुर्र... कुर्र... कुर्र...

तो आवाज तुम्हाला माहीत आहे. कॅरव्हान लावली की डुलू नये म्हणून तिच्या चार कोपऱ्यांतले लोखंडी पाय खाली सोडायचे. हँडल घालून फिरवायचं. दर फिरकीला किरकिर. तोच आवाज. पुढचा डावा कोपरा. मग पुढचा उजवा. घाई नाही. प्रत्येक पाय टेकला की हँडल काढल्याचा खट्ट आवाज.

मग कंदील मागे गेला.

कुर्र... कुर्र...

मागचा उजवा.

कुर्र... कुर्र...

मागचा डावा.

खट्ट.

डेस्मंडच्या पायाखालचा ब्रेक... सैल झाला. म्हणजे पाय तसाच होता. ओढ थांबली. गाडी जड झाली, जागेवर बसली, जशी सपाट मैदानात बसते.

पावलं आली. उजव्या बाजूनं. काचेशी थांबली. डेस्मंडनं समोरच पाहिलं. मान वळवली नाही. आवाज त्याच्या बहिऱ्या कानाशी आला. आणि शब्दन् शब्द कळला.

"लागली. झोपा आता."

कंदील विझला.

त्या दोघांपैकी कुणीही झोपलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पायांना गोळे आले, बधिर झाले, तरी ब्रेकवरून निघाले नाहीत. पावणेसहाला उजाडायला लागलं. सहाच्या सुमारास ट्रॅक्टर आला, त्यावर एक शेतकरी, शेजारी कुत्रा. कुत्रा गाडीपासून वीस पावलांवर थांबला आणि तिथून पुढे यायला तयार होईना.

"अक्कल गहाण टाकलीय का?" शेतकरी लांबूनच ओरडला. "वाट बंद असल्याचा एवढा मोठा बोर्ड दिसला नाही?"

"माणूस होता पुढे," डेस्मंड म्हणाला. "त्यानं आणलं. म्हणाला, एकच जागा उरलीय."

शेतकऱ्याचं ओरडणं थांबलं.

"कंदील होता हातात?"

डेस्मंडनं मान डोलावली.

शेतकऱ्यानं टोपी काढली, परत घातली. मग समुद्राकडे बघत, जरा थांबून थांबून, त्यानं एवढंच सांगितलं. त्याच्या आजोबांच्या वेळी इथे कॅरव्हान लावायचा तळ होता. सहा रांगा. दर हिवाळ्यात समुद्र दोन पावलं आत येतो, तशी एकेक रांग गेली. वरच्या रांगेतली शेवटची जागा उरली होती. ती गेल्या फेब्रुवारीत कड्यासकट समुद्रात गेली. माणसाबद्दल तो काही बोलला नाही, आणि यांनी विचारलं नाही.

दोघं सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकतो. ट्रॅक्टरनं मोटार आणि कॅरव्हान दोन्ही ओढून काढली. मेळ्याला ते गेले नाहीत. ट्रकवर गाड्या चढवून घरी गेले, आणि हिलरीनं पुढच्या जुलैत पडदे काढले नाहीत. डेस्मंडनं गाडी अजून ठेवलीय. अधूनमधून पुसतो. मागे मात्र घेत नाही. गॅरेजमध्ये नेताना तोंड पुढे करून नेतो आणि काढताना शेजाऱ्याला बोलावतो.

पण साखळी बांधण्याआधी शेतकरी खाली वाकला होता.

"पाय वर घ्या आधी," तो म्हणाला. "पाय सोडलेले असताना कशी ओढू?"

"मी नाही सोडले," डेस्मंड म्हणाला.

तिघांनी पाहिलं. पुढचे दोन पाय गवतावर नीट टेकलेले. चाकं कड्यापासून हातभर अंतरावर. आणि कॅरव्हानचा मागचा भाग कड्याच्या बाहेर, हवेत. मागचे दोन पायही खाली सोडलेले, पूर्ण. खाली चाळीस फुटांवर लाटा.

शेतकरी पोटावर झोपला आणि सरकत कडेपर्यंत गेला. हिलरीनं त्याचे बूट घट्ट धरले.

"काय आहे?" डेस्मंडनं विचारलं.

"या, तुम्हीच बघा."

डेस्मंड त्याच्या शेजारी आडवा झाला. मान बाहेर काढून त्यानं पाहिलं.

मागचे दोन्ही पाय अधांतरी लोंबत होते. त्यांच्या तळाच्या लोखंडी पट्ट्यांना गवत चिकटलेलं होतं. वजनाखाली चेपलेलं, दवानं ओलं, मुळांसकट.

हिरवंगार.