चॅपलचा कोपरा

माझ्या सायकलची चेन पडली ती बरोब्बर विल्फ ॲक्रॉइडच्या पुढ्यात. आपोआप पडली, पोरींनो, असंच मी सगळ्यांना सांगते. जानेवारीतला रविवार होता, आणि यॉर्कशायरच्या त्या डोंगरात वारा असा, की मेंढ्या आमच्या डोक्यावरून उडत चालल्या होत्या. बरं, एकच मेंढी. पण उडत होती!

"टाचेनं पाडलीस ना?" विल्फ गुडघ्यावर बसून चेन चढवत म्हणाला.

"मी? चेन कुठे असते तेसुद्धा मला माहीत नाही."

"मग तुझ्या बुटाला ग्रीस कसलं?"

असा हसला मेला... कान लालेलाल. थंडीनं असतील म्हणा.

विल्फ आमच्या सायकल क्लबचं शेपूट होता. म्हणजे सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी पंक्चर झालं की त्याला सोबत घेऊन यायचं. आणि क्लबची रीत अशी – वळण आलं की कप्तानाच्या मागे जो असेल त्यानं त्या कोपऱ्यावर थांबायचं, मागच्यांना रस्ता दाखवायचा आणि शेपूट आलं की त्याच्यासोबत निघायचं. शेपूट यायच्या आत कोपरा सोडायचा नाही. काहीही झालं तरी!

मग काय! प्रत्येक वळणाआधी मी जीव खाऊन पुढे घुसायची, आणि कोपऱ्यावर साळसूदपणे उभी राहायची.

"परत तूच, मेव्हिस?" तिसऱ्या कोपऱ्यावर विल्फ म्हणाला.

"योगायोग."

"पुढच्या वळणावरही योगायोगच का?"

"बघू... दम उरला तर."

दुपारी पबमध्ये जेवायला थांबलो. शेकोटीच्या जाळीवर वीस जणांचे ओले मोजे वाफाळत होते, त्यामुळे मटणाच्या स्टूला नक्की कसला वास येतोय ते कळत नव्हतं. विल्फनं स्वतःच्या ताटातले भाजलेले बटाटे हळूच माझ्याकडे सरकवले.

"मेव्हिस, मला कॅनडात नोकरी लागलीय. दोन आठवड्यांनी बोट आहे." त्यानं काट्यानं वाटाणा उगीच फिरवला. "एकटा जाऊ... की कुणाला बोलावून घेऊ तिकडे?"

मी तोंड उघडलं. त्यानं पटकन हात वर केला.

"नको, बोलू नकोस! तू बोललीस की मेंढ्या उडायला लागतात, मला खरं-खोटं कळत नाही. परतताना चॅपलच्या कोपऱ्यावर तू उभी असलीस, तर मी हो समजेन. नसलीस तर... पुन्हा विषय काढणार नाही."

चॅपल म्हणजे रस्त्यावरचं छोटं चर्च; त्या वळणाला मी अशी सुसाट आले, की कप्तानाची टोपी उडाली. राहिले उभी. सगळे एकेक करून पुढे गेले. विल्फ नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, बर्फ भुरभुरायला लागला. मागे कुणाचं तरी टायर दोनदा फुटलं होतं, ते मला नंतर कळलं. चाळीस मिनिटांनी पायाची बोटं आहेत की गेली, तेही समजेना.

समोरच्या घरातल्या थ्वेटबाईंनी दार उघडलं. "अगं पोरी, गोठून मरशील! सायकल गोठ्यात लाव आणि आत ये. चहा उकळतोय."

पाचच मिनिटं, म्हटलं.

चूल छान धगधगत होती. आणि आल्याची बिस्किटं... मी तिसरंही घेतलं.

बाहेर आले तर ताज्या बर्फात चाकांच्या रेघा. कोपऱ्यावर येऊन थांबलेल्या. शेजारी एका बुटाचा ठसा, चांगला खोल, कुणी बराच वेळ एक पाय टेकून उभं राहावं तसा. मग रेघा खाली गेलेल्या.

पुढे सगळा उतार होता, पोरींनो. पेडल न मारता गाठला असता त्याला. पण मी फुगले. मी चाळीस मिनिटं गोठले, याला थोडं थांबता आलं नाही? येईल झक मारत विचारायला!

नाही आला. त्याचं घर तीन गल्ल्या सोडून होतं. मीही नाही गेले.

क्लबात मी सांगितलं, बैल मागे लागला म्हणून कोपरा सोडला. सगळे पोट धरून हसले. एकाचाही विश्वास नाही.

वसंतात कॅनडाहून त्याचं कार्ड आलं. दोनच ओळी. "चॅपलच्या कोपऱ्यावर बर्फात छोट्या बुटांचे ठसे दिसले होते. तू थोडा वेळ तरी थांबली होतीस का गं?"

मी तीन दिवस ते कार्ड उशीखाली ठेवलं. मग झोकात उत्तर लिहिलं – "छे! ठसे पोस्टमनच्या पोराचे असतील. मी तर कप्तानासोबत केव्हाच पुढे गेले होते."

जन्मभर इतक्या थापा मारल्या, पण कुणी धड एक खरी मानली नाही.

ही तेवढी विल्फनं मानली.