कूस पालटायची वेळ

"रात्रीसुद्धा दर दोन तासांनी पेशंटला वळवायला उठायचं?" असं मघाशी लिन्सीने विचारलं आणि तुम्ही तिघी खिदळलात. खिदळा. उद्या सकाळी तुम्हाला एकेका घरी सोडून मी एजन्सीची जीप घेऊन परत येणार, मग हसायला सोबतीला कोणी नसेल. त्याआधी रोसिलीचं ऐका. तिला त्या घरी सोडणारा मीच, आणि सकाळी उचलून आणणाराही मीच. मधलं तिने मला नंतर सांगितलं, तेही एकदाच.

ऑक्टोबरची एकोणीस तारीख, शनिवार. काम साधंच होतं. करिम्बनकुन्नच्या चढावर मरियक्कुट्टी अम्मच्ची राहायची. पक्षाघाताने पडलेली, वय शहाऐंशी. तिला सांभाळणारी बाई भाचीच्या लग्नाला गेली होती, म्हणून दोन रात्रींसाठी बदली रोसिली. सोबत पट्ट्या आणि नळीने द्यायच्या नाचणीच्या पिठाचा डबा.

रोसिली पन्नाशीची. एकोणीस वर्षं म्हाताऱ्यांचीच सेवा. जीपमध्ये बसताच तिने मला विचारलं, "अच्चाया, म्हातारी ओरडते का हो?"

"वाचा गेलीय तिची. हातपायही हलत नाहीत."

"सुटले! त्या इट्टूप अप्पच्चन म्हाताऱ्यासारखी कटकट नको बाई." आणि हसत हसत सांगायला लागली. "चार महिने होते त्याच्याकडे. बोलता येत नव्हतं, पण उजव्या हाताची बोटं तेवढी हलायची. त्यात लग्नाची अंगठी. पलंगाच्या दांड्यावर आपटायचा. टक्, टक्, टक्. वळव मला, वळव मला. रात्रभर! शेवटी दांड्यालाच पंचा गुंडाळला, तीन गाठी मारल्या. म्हटलं, आता आपट किती आपटायचं ते."

मी हसलो नाही. पण बोललोही नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो. कारण अप्पच्चन गेला तेव्हा त्याला आंघोळ घालायला मी होतो. माकडहाडापाशी मूठ जाईल एवढी जखम होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वळवलं नाही की कातडी आधी लाल होते, मग काळी, मग मांस सडून खड्डा पडतो. कपाटावरच्या कूस पालटल्याच्या नोंदीच्या कागदावर मात्र दर दोन तासांची खूण होती. एकही चुकलेली नाही.

रोसिलीची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. एकटी बाई, चोवीस तास. मुलं परदेशात, शेजारी तेही सत्तरीचे. सत्तर किलोचा देह रात्रीतून चारदा कोण उलटवणार? तिचीही कंबर गेलेली. हे सगळं खरं. पण त्या चार महिन्यांत इट्टूप जिवंत कुजत होता, हेही खरं.

असो. साडेनऊला अम्मच्चीच्या मुलाचा, टोजोचा, आयर्लंडहून फोन आला. अम्मा कशी आहे ते राहिलं बाजूला.

"कागदाचा फोटो सकाळी पाठवा. मागे एकदा पहाटे चारची खूण राहिली होती. मी एजन्सीकडे तक्रार करेन हं."

"करा की," रोसिली म्हणाली आणि फोन ठेवल्यावर पुढचं बोलली. "एवढा पुळका असेल तर ये आणि स्वतः वळव."

मग तिने निळं पेन घेतलं. बारा, दोन, चार, सहा. कागदावरच्या चारही घरांत खुणा. दहा वाजता सगळी रात्र उरकली.

अम्मच्ची उताणी होती. डोळे उघडे, रोसिलीवर लागलेले.

"काय बघतेस? झोप. मलाही झोपू दे. मी काही तुझी सून नाही."

लोखंडी घडीची खाट तिने अम्मच्चीच्या पलंगापासून चार हातांवर टाकली. छोटा दिवा ठेवला. आडवी झाली आणि घोरायला लागली.

टक्. टक्. टक्.

तिने डोळे उघडले. समोर घड्याळ. बारा.

आवाज लोखंडावरचा. अंगठीचा. चार महिने ऐकलेला आवाज तो, तिला सांगायला कोणी लागत नव्हतं. ती उठली, मोठा दिवा लावला. अम्मच्चीचे दोन्ही हात चादरीखाली होते. चादर काढून पाहिलं. सुजलेली, निर्जीव बोटं. अंगठी कधीच काढून ठेवलेली.

अम्मच्ची तिच्याकडे बघत होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानापर्यंत गेलं होतं. त्या वेळी रोसिलीने फक्त तिच्या खांद्याखाली हात घालायचा होता. मी परत परत तेच म्हणतो. तिथे उभीच होती, जागी होती, वेळही तीच होती.

"नाटकं माझ्यापुढे नकोत," ती म्हणाली. चादर परत ओढली. दिवा घालवला.

टक्. टक्. टक्.

दोन.

या वेळी आवाज तिच्या उशापाशी होता. तिच्याच खाटेच्या दांड्यावर.

ती उठायला गेली. उठता येईना. पाय हलेना. मान हलेना. ओरडायला तोंड उघडलं... तोंड उघडलंच नाही.

उताणी. छताकडे तोंड. डोळ्याच्या कोपऱ्यातून घड्याळ दिसतं तेवढं.

सव्वादोन. अडीच. माकडहाडाखाली आग व्हायला लागली. आधी चटका. मग निखारा. जरा सरकलं तरी पुरे. अर्धी वीत. सरकता येईना.

तीन.

खोलीत कोणीतरी चालत होतं. अनवाणी. हळू. तिच्या खाटेपाशी आलं. थांबलं. तिला वाटलं, आता हात लावेल. वळवेल. कोणीही असो, पण वळवू दे...

ते पुढे गेलं. अम्मच्चीच्या पलंगाकडे.

चादरीची सळसळ. पलंग करकरला. आणि कोणीतरी पुटपुटलं, अगदी मायेने, "हं... झालं हं..."

मग शांत.

रोसिलीच्या लक्षात आलं, उजव्या हाताची बोटं हलतायत. तेवढीच. बोटात तिची लग्नाची अंगठी होती. तिने सगळा जीव त्या बोटात आणला. बोटांनीच ओढत हात दांड्यापर्यंत सरकवला. आपटला.

आवाज नाही.

पुन्हा आपटला.

नाही.

दांड्यावर काहीतरी मऊ होतं. कापड. पातळ, पंच्याचं. बोटं त्यावरून फिरली.

एक गाठ.

दोन.

तीन.

...

सकाळी साडेसहाला मी आणि आमची नर्स सजिता सिस्टर अम्मच्चीची नळी तपासायला गेलो. दार वाजवलं, कोणी उघडेना. आमच्याकडे दुसरी किल्ली असते. आत सगळं जागच्या जागी. अम्मच्ची डाव्या कुशीवर निजलेली, गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला उशी, चादरीला सुरकुती नाही. तुम्हाला शिकवतात तशी, तंतोतंत. इतकी गाढ झोपली होती की सजिताने आधी श्वास पाहिला.

रोसिली खाटेवर उताणी. डोळे सताड उघडे. उजवा हात दांड्यावर, बोटांची सालटं निघालेली. दांड्यावर पंचा नव्हता. काही नव्हतं.

मी वाकलो तेव्हा ओठ हलले. "वळवा."

आम्ही दोघांनी मिळून तिला कुशीवर घेतलं. आणि वास आला. तो वास मला ठाऊक होता. सजिताने पाठीवरचं कापड बाजूला केलं. मग हातमोजे घातले, माप घेतलं.

"अच्चाया, ही किमान तीन आठवड्यांची जखम आहे. हाड दिसतंय."

आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर ती पिठाचा डबा काखेत मारून चढ चढली होती. त्या खाटेवर ती एकच रात्र झोपली होती.