साडेचारशे किलोंची बेचैनी

तो दुकानात शिरला तेव्हा ती शिडीवर होती, आणि तिच्या हातून सुटलेली वाळक्या पुदिन्याची जुडी नेमकी त्याच्या डोक्यावर पडली.

"स्वागत छान करता," तो म्हणाला. केसांतली पानं झटकायचीही त्यानं तसदी घेतली नाही. "झोपेवर काही आहे का?"

"कोणासाठी?"

"म्हणजे?"

तिनं शिडीवरूनच भिंतीकडे बोट केलं. भिंतभर लाकडी खण होते. डावीकडे माणसाची औषधं, मध्ये कुत्र्याची, उजवीकडे घोड्याची. ज्याची औषधं त्याचं चित्र, आजोबांनी तापलेल्या सळईनं काढलेलं. घोडा बकरीसारखा दिसायचा, पण गिऱ्हाइकांना आता त्याची सवय झाली होती.

"घोडीसाठी," तो म्हणाला.

"वजन?"

"माझं?"

"घोडीचं."

"साडेचारशे किलो."

"खाते कशातून?"

"माझ्या हातातून. दुसऱ्या कोणाच्या हाताला तोंड लावत नाही." हे त्यानं अशा थाटात सांगितलं, की पोराचा पहिला नंबर सांगणारा बापही लाजला असता.

ती खाली उतरली. गल्लीत सगळे तिला चिमटी म्हणायचे, कारण ती तागडीशिवाय, नुसत्या चिमटीनं औषध मोजायची. नंतर तागडीत टाकलं तरी काटा हलायचा नाही. आज मात्र बडीशेप तिनं दोनदा मोजली... आणि दोन्ही वेळा वेगळी भरली.

तो गावाबाहेरच्या तबेल्यात घोड्यांना अडथळ्यांवरून उडी मारायला शिकवायचा. ही तांबडी घोडी सहा वर्षांची. रात्रभर आपल्या जागेत येरझारा घालायची, आणि गर्दी दिसली की अडथळ्यापाशी येऊन माघारी फिरायची. दोन स्पर्धांत असंच झालं होतं. तिसरी महिन्यावर आली होती.

"याही वेळी फिरली, तर मालकीणबाई तिला वीटभट्टीवाल्याला विकणार. तो गाडीला जुंपेल." त्यानं काउंटरवर बोटांनी ताल धरला होता, तो थांबला. "जन्मली तेव्हा तिला पुसून कोरडी मी केली होती हो."

चिमटीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे गुंजेसारखे लाल.

"आणि तुम्ही कधी झोपलात?"

"गेल्या सोमवारी, वाटतं."

तिनं दोन पुड्या बांधल्या. घोडीला कोंड्यातून द्यायची बडीशेप आणि जवस. त्याच्यासाठी तगराच्या मुळ्या — अंगणातलं फुलाचं तगर नव्हे, डोंगरातलं. "झोपण्याआधी चिमूटभर, गरम पाण्यात. वास वाईट आहे. न धुतलेल्या मोज्यांसारखा."

"मग ओळखीचाच आहे."

ती हसली. मग तोही हसला, आणि पुदिन्याचं एक पान त्याच्या केसांतून काउंटरवर पडलं.

त्या दुकानाचा एक नियम होता. एकाच गिऱ्हाइकाला दोन खणांची औषधं दिली, की त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घ्यायचं. कुठलं कोणाचं, आणि कुठलं कोणाला अजिबात द्यायचं नाही. तिनं हे हजार वेळा केलं होतं. त्या दिवशी केलं नाही. ती पान बघत बसली.

*

चौथ्या दिवशी तो परत आला.

"माझं संपलं."

"आठ दिवसांचं दिलं होतं!"

"मी झोपतोच तसा दणकून."

"काही उतार वाटतोय ना?"

"जादू आहे तुमच्या हाताला."

त्यानंतर दर चार दिवसांनी तो यायला लागला. कधी ती कुटत असायची, तर तो न सांगता खलातला बत्ता हातात घ्यायचा. कधी ढब्बूशी — तिच्या लठ्ठ, म्हाताऱ्या कुत्र्याशी — तासभर गप्पा मारायचा. तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. "काय रे ढब्बू, तुझ्या मालकिणीला दुपारी फिरायला जायची बंदी आहे का? ... विचारून सांग हं. घाई नाही. उद्यापर्यंत सांग."

"ढब्बू म्हणतोय, गिऱ्हाइकांनी कुत्र्याच्या आडून बोलू नये," ती खण लावत म्हणायची.

तो गेला की तिचं कशात लक्ष लागायचं नाही. खण उघडायची आणि कशाला उघडला ते विसरायची. दारात जायची, परत यायची.

"त्या घोडेवाल्याचे डोळे पाहिलेस?" एकदा बाबा आतून म्हणाले. "अजून लालच आहेत. तगर लागू पडत नाही त्याला."

"पडतंय हो बाबा. दुसरं काही कारण असेल."

"कुठलं?"

ती तागडी पुसायला लागली. ते कारण आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटत होतं. माणूस आपल्यासाठी जागतोय या कल्पनेनं ती इतकी सुखावली होती, की समोरच्या रोग्याचे डोळे बघायचे असतात हे पिढीजात शहाणपण तिनं खुंटीला टांगून ठेवलं होतं.

*

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी दुपारी ती ढब्बूला घेऊन तबेल्यावर गेली. जवस संपत आले असतील, असं निमित्त होतं. त्यानं दुरूनच पाहिलं आणि हातातला खरारा खाली टाकला.

"आलात!"

"ढब्बूनं आणलं."

घोडी फार देखणी होती. मान खाली घालून शांत उभी होती. चिमटीनं गव्हाणीपाशी जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला... आणि तिथंच थांबली. गव्हाणीतून वास येत होता. न धुतलेल्या मोज्यांचा.

"हे तगर आहे," ती म्हणाली.

त्यानं गव्हाणीतला कोंडा हातानं सारखा केला.

"तुमचं तगर."

"मी नाही झोपलो तर कोणाचं काय बिघडतं?" तो हळू बोलला. "तिला झोप हवी होती. तीन आठवडे झोपतेय ती. मला वाटलं, झाडाचंच मूळ आहे, त्यानं काय होणार..."

"स्पर्धेच्या घोड्याला ते चालत नाही. बंदी आहे. रक्त तपासतात."

तो पालथ्या बादलीवर बसला. "किती दिवस राहतं अंगात?"

"गुंगी उतरेल, पण परवापर्यंत रक्तातून जाईल, असं मी नाही सांगू शकत."

"सगळ्यांचं तपासतात?"

"नाही. चिठ्ठ्या टाकून."

"म्हणजे सुटूही शकतो."

"सुटूही शकता." तिनं घोडीच्या कपाळावरचा हात काढून घेतला. "चूक माझी आहे. मी तुमच्याकडून वदवून घ्यायला हवं होतं. पण एक ऐका. ती शांत नाहीये, गुंगीत आहे. गुंगीत उडी मारली आणि पाय अडकला, तर..."

त्यानं पुढचं ऐकलं नाही. तो उठून घोडीपाशी गेला आणि तिच्या पुढच्या पायावरून खुरापर्यंत हात फिरवत आला. मग दुसऱ्या पायावरून.

"नाही उतरवत तिला स्पर्धेत," तो म्हणाला. "मालकीणबाईंना आत्ताच सांगतो."

बाईंच्या खोलीतून तो पाच मिनिटांत बाहेर आला. "सोमवारी दुपारी वीटभट्टीवाला येतोय," एवढंच बोलला. तिच्याकडे पाहिलंही नाही.

निघताना तिनं ढब्बूला हाक मारली. ढब्बू आडव्या बांबूखालून घोडीच्या जागेत शिरून पेंढ्यात पसरला होता. पुन्हा हाक मारली. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. घोडीनं नाक खाली नेऊन त्याची पाठ हुंगली.

"राहू दे त्याला," घोडेवाला म्हणाला. "निदान तिच्या सोबतीत कोणीतरी खूश आहे."

*

शनिवारी चिमटीला बसवेना की उठवेना. सकाळी ती तबेल्यावर गेली. तो नव्हता, वैरण आणायला गेला होता. घोडीची गुंगी उतरली होती. डोळे लख्ख उघडे, कान हलते. बाहेर कोणीतरी पत्र्याचा डबा पाडला. घोडी दचकली, एक फेरी मारायला वळली... आणि पायाशी ढब्बू होता. तिनं पाऊल जपून मागे घेतलं. उभी राहिली. ढब्बू घोरत होता.

चिमटी बराच वेळ बघत राहिली. औषधांची नव्वद खणांची भिंत आपल्या घरात, आणि या जनावराला काय हवंय हे आपण आधी एकदा इथं येऊन बघितलंसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं.

घरी येऊन ती दारात उभी राहिली, मग खिडकीत, मग पुन्हा दारात.

"एकदा काय ते ठरव, नाहीतर उंबरा झिजेल," बाबा म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं. बाबांनी मुळ्या निवडता निवडता ऐकलं. मग म्हणाले, "वदवून घेतलं नाहीस, ते चुकलंच. आता निस्तर. घोडीचं निस्तर, आणि त्या माणसाचंही."

"त्याचं काय निस्तरायचंय?"

"तुझ्या आईला मनातलं सांगायला मी दोन पावसाळे घालवले." बाबांचे हात चालूच होते. "ते दोन मला पुढे फार कमी पडले."

एवढं बोलून ते चूल बघायला आत गेले. तिनं फोन उचलला.

सांधेदुखीचं तेल न्यायला एक डॉक्टरीण दर महिन्याला दुकानात यायची. पाच तासांवरच्या गावात तिचं केंद्र होतं. चालता न येणाऱ्या मुलांना ती घोड्यावर बसवायची. त्यानं त्यांच्या कमरेत बळ येतं, म्हणायची. तिच्या दोन घोड्यांपैकी एक म्हातारा झाला होता. सोमवारी सकाळी येऊन बघते, असं तिनं कबूल केलं.

चिमटी तशीच तबेल्यावर गेली आणि एका दमात त्याला सांगून टाकलं.

"म्हणजे तिला घालवायची," तो म्हणाला.

"वीटभट्टीपेक्षा—"

"मला न विचारता!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो, म्हणालो असतो! मी अजून बाईंच्या पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं... तुम्हाला काय, पुडी बांधली की मोकळ्या!"

हे तिला लागलं. पण ती गेली नाही. लांब दांड्याचं दाताळं उचलून ती जागेतला ओला पेंढा एका बाजूला ओढायला लागली. थोड्या वेळानं तोही दुसऱ्या बाजूनं ओढायला लागला. अंधार पडेपर्यंत दोघं ओढत राहिली.

*

सोमवारी डॉक्टरीणबाई आल्या, ठेंगण्या आणि खणखणीत आवाजाच्या. त्यांनी घोडीच्या बाजूला स्टीलची थाळी आपटली. चाकाची खुर्ची खडखडत नेली. एकदम छत्री उघडली. घोडीचे कान फिरले, अंगावरून शहारा गेला, पण पाय हलले नाहीत. पायांशी ढब्बू पसरला होता, आणि ती त्याला तुडवायला तयार नव्हती.

"अशी घोडी मी दोन वर्षं शोधतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुत्र्यासकट द्याल?"

चिमटीनं हा विचारच केला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी बुटाच्या खोक्यातून आणलेला कुत्रा. त्यानं झोपेत शेपटी हलवली.

घोडेवाल्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "नाही म्हणा," तो म्हणाला. "मी समजून घेईन."

"कुत्र्याशिवाय ती राहील का?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "नाही राहणार."

"कांदा-लसूण देऊ नका त्याला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "कुत्र्यांना बाधतो. आणि कानात आठवड्यातून एकदा तेल. कोमट. गरम नाही..." आणि मग तिनं डॉक्टरीणबाईंकडून ते मोठ्यानं वदवून घेतलं. दोनदा.

मालकीणबाईंनी कागदावर सही केली, आणि वीटभट्टीवाल्याला परस्पर नको म्हणून कळवलं. घोडी ट्रकमध्ये घोडेवाल्याच्या हातातून गूळ खात चढली. ढब्बूला दोघांनी मिळून उचलून ठेवलं. तो काही कमी जड नव्हता. ट्रक फाटकातून वळला, झाडांच्या रांगेआड गेला, पुन्हा एकदा दिसला आणि मग दिसेनासा झाला.

"अजून रागावलायस माझ्यावर?" तिनं विचारलं.

"हो."

"किती?"

"बराच."

"मग ऐकून घे आणि त्यात भर घाल. मला तू आवडतोस. तगरानं कोण झोपतंय आणि कोण नाही हे कळण्याआधीपासून आवडतोस. मला वाटायचं, तू माझ्यासाठी जागतोस."

तो रस्त्याकडे बघत होता. "रात्रीचा घोडीसाठीच जागायचो," तो म्हणाला. "पण दिवसा... आठ दिवसांची पुडी चार दिवसांत संपवायला मी काय काय केलंय, तुला कल्पना नाही. एकदा तर अर्धी पुडी नाल्यात टाकली."

"माझं औषध नाल्यात टाकलंस?"

"तुला बघायला यायचं होतं."

"मग एवढ्या रागातसुद्धा माझा हात कशाला धरलायस?"

त्यानं खाली पाहिलं. ट्रक सुरू झाला तेव्हापासून तो धरलेला होता. कोणी आधी धरला, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

"सोडू?"

"सोडून बघ."

त्यानं सोडला नाही. धूळ खाली बसली तरी दोघं फाटकापाशीच होती. मग आत गेली. घोडीची जागा रिकामी होती, पेंढ्यात एक मोठा खळगा आणि एक लहान. तो पेंढा काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून तेवढ्यापुरता त्यानं हात सोडला.